चार चौकटींचा कुत्रा

तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. मी पेपरात आधी चित्रं बघतो.

गावात माझी ख्याती मात्र अग्रलेख वाचणारा गृहस्थ अशी आहे आणि ती मी कष्टानं कमावलेली आहे. अलिबाग-रेवदंडा रस्त्याला लागून आमची पोफळीची छोटी वाडी, वाडीपुढे घर, घराला ओटी आणि ओटीवर माझी आरामखुर्ची. तिच्यात बसून पेपर दोन्ही हातांनी असा फाकवून धरायचा की रस्त्यानं जाणाऱ्याला मोठ्या टायपातले मथळे दिसावेत, कपाळावर दोन आठ्या काढायच्या, मधूनच ‘काय चाललंय या देशात’ असं कुणाला तरी ऐकू जाईल इतपत पुटपुटायचं, आणि आतल्या पानाच्या कोपऱ्यात छापलेल्या तीन चौकटी चवीचवीनं बघायच्या. हसू आलंच तर खोकायचं. त्यामुळे गावात मला दमा आहे असाही एक समज आहे.

माझ्या लहानपणी मुंबईचा पेपर गावात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं. आता तो सकाळच्या चहाला हजर होतो, वडखळला गाड्या तुंबल्या नसतील तर. पण आमच्या घरी येतो एकच पेपर. बाकीच्या पेपरांतली चित्रं बघायची तर वाचनालय गाठावं लागतं. बाकं, डगडगणारा पंखा, लाकडी पट्टीत अडकवलेले पेपर आणि ‘शांतता राखा’ या पाटीखाली मोठमोठ्यानं चाललेल्या गप्पा, असं आमचं वाचनालय. गेल्या पावसाळ्यात तिथे एक विचित्र प्रकार सुरू झाला. पेपराला रोज खिडकी पडायला लागली. पान उलटावं तर मधोमध ब्लेडनं नीट कापलेला आडवा चौकोन, आणि त्यातून पलीकडच्या पानावरच्या निधनवार्ता डोकावतायत. चित्रमालिका तेवढी गायब. बरं, तिच्या पाठीमागे नेमकं शब्दकोडं छापलेलं असायचं, त्यामुळे पोस्टातल्या काकांचे उभे शब्द शाबूत राहिले तरी आडवे सगळे जायचे.

सदस्यांनी तीव्र निषेध केला. मीही केला. माझा निषेध सगळ्यांत लांबला.

दिवाळीत वाचनालयात दिवाळी अंकांचं प्रदर्शन असतं आणि त्याला जोडून परिसंवाद. यंदाचा विषय होता ‘वृत्तपत्रांपुढील आव्हाने’. वक्ते मुंबईहून यायचे होते, त्यांनी आदल्या दिवशी फोन करून घसा बसल्याचं खणखणीत आवाजात कळवलं. कार्यकारिणी घाईघाईनं जमली. चहा आला, चिवडा आला, विषय काही येईना. तेवढ्यात निवृत्त हेडमास्तर खिडकी पडलेला ताजा पेपर फडकावत आत आले आणि म्हणाले, “हे बघा आव्हान!” त्यावर पोस्टातले काका म्हणाले की कोड्याचं सोडलं तर गेलं त्यात फार काही नव्हतं, लक्ष्मणांची सर कुणाला आहे? हेडमास्तर म्हणाले, चिंटूला आहे. मग दोघांनी एकमेकांची वयं काढली, वयांवरून चष्मे काढले, आणि चिटणिसांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं की विषय मिळाला: ‘पेपरातली सर्वोत्तम चित्रमालिका कोणती?’

राहिला अध्यक्ष. ज्यानं आयुष्यात कधी व्यंगचित्राकडे ढुंकून पाहिलेलं नाही असा निःपक्षपाती माणूस हवा, असं सर्वानुमते ठरलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी खोकलो.

घरी ही बातमी सांगितल्यावर हिला पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत जावं लागलं. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. म्हणाली, “अहो, हार घालून घ्या, नारळ घ्या आणि घरी या. मध्ये तोंड उघडू नका.” लग्नाला इतकी वर्षं झाल्यावरही बायकोचे सल्ले आपल्याला पोचतात, पण वेळेवर पोचत नाहीत.

त्या संध्याकाळी गावात लाईट गेली होती आणि वाचनालयात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे उपस्थिती लक्षणीय होती. पहिले उठले हेडमास्तर. त्यांनी चिंटूचं चरित्रच सांगितलं: चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीनं २१ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याला ‘सकाळ’मध्ये आणलं, पुढे तो ‘लोकसत्ता’त गेला, २०१२ मध्ये त्याच्यावर सिनेमा निघाला. सनावळी संपल्यावर मात्र ते जे बोलले ते मला मनापासून पटलं. म्हणाले, “मी जन्मभर वर्गात गोष्ट सांगितली की खाली तात्पर्य लिहायला लावलं. या पोरानं एवढ्या वर्षांत एकही तात्पर्य सांगितलं नाही. त्याची आई खरोखरची आई वाटते, पप्पा खरोखरचे पप्पा, मिनी अशी की आमच्या वर्गात दर वर्षी एक असायचीच. आणि इतकी वर्षं एकाच इयत्तेत बसलेला दुसरा विद्यार्थी मला आवडला नसता.” टाळ्या पडल्या. मीही वाजवणार होतो, पण निःपक्षपाती माणसाच्या हातांना चाळा म्हणून पुढ्यातल्या नारळाची शेंडी कुरवाळत बसलो.

मग पोस्टातले काका. यांचं दैवत आर. के. लक्ष्मण. १९५१ पासून रोज पेपरात येत राहिलेला तो चौकड्यांचा कोट, धोतर आणि टकलावरच्या दोन झुपक्यांचा कॉमन मॅन. तो कधी एक अक्षर बोलला नाही, हेच त्याचं मोठेपण, असं काकांचं म्हणणं. जो माणूस आयुष्यात बोलला नाही त्याच्या बाजूनं काका अखंड बोलत होते. एवढ्यात हेडमास्तरांनी हरकत घेतली: चौकट एकच, तर ती मालिका कशी? पॉकेट कार्टून वेगळं, चित्रमालिका वेगळी. अध्यक्षांनी निर्णय द्यावा.

मी निर्णय दिला की लक्ष्मण बाद.

सभागृहात असा गलका झाला की इन्व्हर्टरनं दोनदा डोळे मिचकावले. काका माईक सोडेनात. म्हणाले, “रोज एक चौकट, आणि अशी अर्धं शतक! तोच माणूस, तोच कोट, मागे नवा मंत्री, नवा खड्डा, नवी योजना. ही मालिका नाही तर काय आहे? तुमच्या तीन चौकटी एका सकाळी संपतात, यांच्या संपायला पन्नास वर्षं लागली!” हे खरं तर फारच बरोबर होतं. मी निर्णय फिरवला. त्याबरोबर हेडमास्तर खवळले. मी निर्णय राखून ठेवला. हा शब्द कोर्टाच्या बातम्यांतून आपल्याला येत असतो, पण तो इतका उपयोगी असेल असं वाटलं नव्हतं.

लक्ष्मण आले म्हटल्यावर बाळासाहेब ठाकरे येणारच. दोघंही ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये होते, मग एक ‘टाइम्स’मध्ये गेला आणि दुसऱ्यानं १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ काढलं, असं कुणीतरी मागून सांगितलं. कुणीतरी पुस्ती जोडली की प्रबोधनकारांचा जन्म पनवेलचा, म्हणजे घराणं आपल्याच जिल्ह्याचं. आमच्या भागात लाल बावट्याची परंपरा जुनी, त्यामुळे डावीकडच्या बाकावर लगेच चुळबुळ सुरू झाली, उजवीकडच्या बाकानं बाह्या सरसावल्या, आणि व्यंगचित्रांचा परिसंवाद पुढच्या मिनिटाला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत शिरणार असं दिसताच चिटणिसांनी चहा जाहीर केला. महाराष्ट्रातली अनेक राजकीय संकटं अशीच टळलेली आहेत.

चहानंतर मिनीडोरवाला उभा राहिला. हा आमचा अलिबाग स्टँड ते गाव या मार्गावरचा भरवशाचा माणूस, गाडीच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ आणि खाली कवटीचं चिन्ह. ते चिन्ह धोक्याचं नसून वेताळाच्या अंगठीचं आहे हे त्या दिवशी कळलं. “तुमचा चिंटू रडतो, तुमचा तो कोटवाला बोलत न्हाय. वेताळाच्या तोडीचा कोन हाय?” असा त्यानं थेट सवाल केला. लहानपणी अलिबागच्या स्टँडजवळ रद्दीत ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मिळायची, ती त्यानं उलटी टांगलेली कोंबडी विकून घेतली होती. कोंबडी कुणाची हे त्यानं सांगितलं नाही. बाटलीचं बूच कोरून त्यानं कवटीचा शिक्का केला होता आणि चुलतभावाच्या हनुवटीवर तो एवढ्या जोरात उमटवला की भाऊ आजही दाढी राखून आहे. फणसाडच्या जंगलात कवटीची गुहा असणार, याबद्दल त्याच्या मनात चाळिशी उलटली तरी शंका नाही.

हेडमास्तर म्हणाले, इंद्रजाल ही पुस्तकं झाली, विषय पेपरातल्या मालिकांचा आहे, सबब वेताळ बाद.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. हार गळ्यात होता, नारळ पुढ्यात होता, हिचं सगळं ऐकायचं तर अर्धा तास उरला होता. पण वेताळावर अन्याय होतोय हे बघून माझं तोंड माझ्या परवानगीशिवाय उघडलं. “गुरुजी, वेताळ जन्मलाच मुळी पेपरात! १७ फेब्रुवारी १९३६. ली फॉक. रोजच्या पट्ट्या. त्याच्या आधी दोन वर्षं त्याच माणसानं मँड्रेक काढला होता. इंद्रजालनं १९६४ पासून त्याच पट्ट्यांची पुस्तकं केली. आणि मुळातलं बंगाली नावाचं राज्य आपल्या वाचकाला बंगाल वाटू नये म्हणून इथे त्याचं डेंकाली केलं. आणि दुसरं असं की त्याच्यासोबत असतो तो कुत्रा नव्हे, लांडगा आहे!”

शेवटचं वाक्य कुणी विचारलेलंही नव्हतं.

सभा माझ्याकडे बघायला लागली. पोस्टातल्या काकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. सावरण्यासाठी मी म्हणालो की हे सगळं एका अग्रलेखात आलं होतं. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं, पण गाडी उताराला लागली होती. १९५१ साल किती महत्त्वाचं, हे सांगताना मी बोलून गेलो की त्याच वर्षी १२ मार्चला अमेरिकेत हँक केचमचा डेनिस द मेनेस सुरू झाला, आणि गंमत म्हणजे नेमक्या त्याच दिवशी इंग्लंडात ‘बीनो’ नावाच्या अंकात त्याच नावाचा दुसराच एक द्वाड पोरगा अवतरला, दोघांच्या बापांना एकमेकांचा पत्ता नाही. “हाही अग्रलेखात?” चिटणिसांनी विचारलं. मी म्हटलं, पुरवणीत.

माझी सुटका करायला देवासारखी धावून आली ती शेजारची मुलगी. पुण्यात शिकते. तिचं मत कॅल्विन आणि हॉब्सला होतं. तो मुलगा, त्याचा कापडी वाघ, आणि वाघ इतरांपुढे कापडी पण मुलापुढे जिवंत, हे तिनं फार छान सांगितलं. बिल वॉटरसननं या दोघांच्या बाहुल्या, कप, बनियन काहीही विकू दिलं नाही, हेही सांगितलं. त्यावर मिनीडोरवाल्यानं “येडा हाय का?” असा निखळ आश्चर्याचा उद्गार काढला, कारण आमच्या किनाऱ्यावर लोकांनी मुंबईकरांच्या बंगल्यांसाठी वाड्याच्या वाड्या विकल्या आणि या माणसानं साधा कप विकला नाही. मी जाणत्या माणसाच्या सुरात म्हणालो, “बरोबर आहे, पण परवापासून त्याचा जोर जरा कमी वाटतोय. थकला असावा.” ती मुलगी हळूच म्हणाली, “काका, त्यानं ३१ डिसेंबर १९९५ ला काम थांबवलं. पेपरात येतात ती जुनीच असतात.”

म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ हा माणूस घरी बसला होता आणि मी त्याची रोजची तब्येत बघत होतो.

एव्हाना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, आणि अध्यक्षीय समारोपात मी तीच मांडायचं ठरवलं. इथे कुणी चित्रमालिकेसाठी भांडतच नव्हतं. हेडमास्तरांच्या शाळेत जो पेपर यायचा त्यात चिंटू होता. मिनीडोरवाल्याला रद्दीवाल्यानं जे दिलं ते वेताळाचं होतं. मुलीला मावशीनं वाढदिवसाला कॅल्विनचं पुस्तक दिलं म्हणून ती कॅल्विनची. ज्याच्या दारात जो पेपर पडला, त्याचा तो पक्ष. फक्त पोस्टातल्या काकांचं कोडं सुटेना, कारण त्यांच्या घरी कुठलाच पेपर येत नसे. तसं मी विचारलंही. काका आधी गोरेमोरे झाले आणि मग म्हणाले की त्या काळी गावातल्या दोन-तीन वर्गणीदारांचे अंक टपालानं यायचे, कागदी पट्टा गुंडाळलेली सुरळी असायची. पट्टा न फाडता सुरळी अलगद पिळली की आतला पेपर सरकून बाहेर येतो, आणि वाचून झाला की उलट पिळून परत जातो. “टपाल उशिरा देत नव्हतो,” ते म्हणाले, “फक्त थोडं वाचून देत होतो.” पहिल्या रांगेतले एक वयोवृद्ध वर्गणीदार मान हलवत म्हणाले, तरीच पेपराला नेहमी चहाचा वास यायचा.

समारोप इथेच संपवला असता तर मी मानानं घरी गेलो असतो. पण सभेला हसवल्याशिवाय सोडायचं नाही या हट्टानं मी माझी अत्यंत आवडती एक मालिका सांगायला घेतली.

“पहिल्या चौकटीत एक मुलगा उभा आहे.”

“बरं.”

“दुसऱ्या चौकटीत तो तसाच उभा आहे.”

“मग बदललं काय?”

“काही नाही. तीच तर गंमत आहे. तिसऱ्या चौकटीत आई येते.”

“कुठून?”

“स्वयंपाकघरातून.”

“स्वयंपाकघर दिसतं?”

“नाही दिसत. पण तिच्या हातात झारा आहे.”

“मग तळण काढून आली असेल,” बायकांच्या बाजूनं आवाज आला. “गॅस बंद केला का?”

चौथी चौकट मी सांगितली तेव्हा सभागृहात ऐकू आला तो फक्त पंखा. ज्या गोष्टीवर मी एकटाच ओटीवर दम लागेपर्यंत खोकलो होतो ती तोंडानं सांगितल्यावर पंचनामा वाटत होती. गंमत चौकटींत नसतेच हो, ती दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत असते, आणि ती पट्टी मोठ्यानं वाचता येत नाही. हे मला त्या क्षणी उमगलं, पण उपयोग काय? मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “अलिबाग से आया है क्या?” आणि सभा पहिल्यांदा खदखदून हसली. या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली होती आणि न्यायालयानं ती फेटाळली होती, तेव्हा मला कायद्याचाही आधार नव्हता. शिवाय विचारणारा अलिबागचा, ऐकणारे अलिबागचे आणि मी खरोखरच अलिबागहून आलेलो.

अब्रू वाचवायला आता एकच मार्ग होता. चित्र दाखवणं. मी शेजारच्या पोराला घरी पिटाळलं आणि कपाटातली लाल वही मागवली.

ही वही म्हणजे वडिलांच्या सुपारीच्या व्यापाराची खतावणी. जमेच्या बाजूला कोऱ्या राहिलेल्या पानांवर मी वर्षानुवर्षं कात्रणं चिकटवत आलो आहे. गव्हाच्या पिठाची खळ घरीच करतो. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, त्यानं किडे लागत नाहीत. मी चवीपुरतं मीठ घातलं होतं. आमच्या किनाऱ्यावरची दमट हवा, पावसाळ्यात पापडसुद्धा वाकतो, तिथे ही चविष्ट खळ कसरीला पंचपक्वान्नं वाटली असणार. वही उघडली तर प्रत्येक पट्टीची डावी बाजू शाबूत आणि उजवीकडची शेवटची चौकट खाल्लेली, कडेला बारीक नक्षी आणि खाली पिवळसर भुकटी. सगळे विनोद असे शेवट खाऊन संपलेले. किड्यांनाही नेमकं कुठे खायचं ते कळतं. मला सांगताना कळलं नव्हतं.

वही रांगेतून फिरत ग्रंथपाल बाईंकडे गेली. बाई शांत स्वभावाच्या. सभेत त्यांनी एकच मत दिलं होतं, की शि. द. फडणीसांसारखं एक शब्द न लिहिता हसवणं हेच खरं, आणि प्रदर्शनातल्या जुन्या ‘मोहिनी’ अंकांकडे बोट दाखवून त्या खाली बसल्या होत्या. आता त्या वहीवर वाकल्या. शेवटची काही पानं उलटली. मग टेबलाच्या खणातून वाचनालयाचा लंबगोल रबरी शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दाबला आणि एका कात्रणाशेजारी उमटवून दोन्ही ताडून पाहिले. खिडकीचोराला धडा मिळावा म्हणून त्यांनी महिन्याभरापासून शिक्का समासात न मारता थेट चित्रमालिकेवर मारायला सुरुवात केली होती. तो निळा लंबगोल मला दिसत होता. रोज दिसत होता. मला वाटायचं, छपाईतच काहीतरी नवीन टूम निघाली आहे.

हेडमास्तरांनी मला अंगठे धरायला लावलं नाही ते केवळ हार गळ्यात होता म्हणून. पोस्टातले काका सगळ्यांत आनंदित झाले, आपल्या सुरळीला जोडीदार मिळाला म्हणून. कार्यकारिणीची बैठक जागेवरच झाली आणि चिटणिसांनी शिक्षा सुनावली: मी वाचनालयाच्या चौकटी नेल्या, आता चौकटी परत करायच्या. दाराबाहेरच्या फळ्यावर रोज खडूनं एक चित्रमालिका काढायची. मी म्हणालो, मला चित्रकला येत नाही. कुणीतरी सांगितलं, लक्ष्मणांनाही जे. जे.नं प्रवेश नाकारला होता. या एका बाबतीत आमची बरोबरी आहे हे मला मान्य आहे. जे. जे. मलाही घेणार नाही.

पहिली मालिका काढायला संध्याकाळ गेली. ग्रंथपाल बाईंची मर्जी परत मिळवायची म्हणून ती निःशब्द ठेवली. पहिल्या चौकटीत एक माणूस पेपर वाचतोय, शेजारी कुत्रा. दुसरीत कुत्रा पेपरात डोकावून हसतोय. तिसरीत माणूस हसून हसून लोळतोय. चौथीत माणूस उठून पेपर परत हातात घेतोय, कुत्रा कंटाळून निघून गेलाय. कुत्रा हसतोय हे दाखवायला दात काढावे लागले. दात जरा जास्त आले. लोळणाऱ्याचे पाय नीट जमेनात म्हणून ते पुसून सरळ केले. पेपर मोठा काढला तर माणूस झाकला जात होता, म्हणून तो लहान करून हातात दिला. फळ्यावर जागा उरली तिथे तारीख टाकली.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. त्या फळ्यावर आजवर नळाचं पाणी, रेशनचं धान्य, वीजकपात आणि डोस यांखेरीज दुसरा मजकूर कधी आलेला नाही.

सकाळी हिनं हलवून उठवलं. “अहो, वाचनालयापाशी जत्रा भरलीय!” माझा आनंद काय वर्णावा! इस्त्रीचा सदरा चढवला, भांग पाडला, वाचकांना सामोरं जायचं म्हणून चेहरा विनयशील केला आणि निघालो. रांग वाचनालयाच्या पायरीपासून देवळाच्या वळणापर्यंत गेली होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात काथ्याची दोरी, दोरीला कुत्रा. मिनीडोरवाला सहा सीटवर सहा कुत्री भरून आला होता, भाडं घेऊन. हेडमास्तरांच्या कडेवर त्यांच्या सुनेचा पांढरा केसाळ प्राणी होता आणि तो माझ्याकडे बघून हसत होता, किंवा काय करत होता ते आता मी खात्रीनं सांगू शकत नाही. पोस्टातले काका छडी घेऊन फळ्यापाशी उभे होते आणि नव्यानं येणाऱ्याला समजावून सांगत होते: “ही पहिली चौकट, माणूस आणि कुत्रा. दुसरीत कुत्रा पिसाळला, दात बघा. तिसरीत माणूस आडवा, पाय ताठ. चौथीत दवाखान्यातून केसपेपर घेऊन बाहेर, कुत्रा पसार. खाली आजची तारीख. इतकी स्पष्ट सूचना या फळ्यावर आजवर लागली नव्हती.”

ग्रंथपाल बाई दारात उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या. चिटणीस अलिबागला फोन लावून गुरांचा डॉक्टर मिळतो का ते विचारत होते, कारण एवढ्या लोकांना आणि कुत्र्यांना रिकाम्या हातानं परत पाठवण्याची कुणाची छाती होईना. मी हळूच वाडीतल्या आडवाटेनं सटकायच्या बेतात होतो, तेवढ्यात कोळीवाड्यातली एक म्हातारी समोर आली. काखेत पिशवी, पिशवीतून दोन हिरवे डोळे आणि रागीट मिशा.

“भाऊ, मांजराचा कवा हाय?”

मी म्हटलं, “आजी, उद्याचा फळा बघा.”